एक नक्कल आणि अनेक राजभाषा

राजभाषा म्हणजे ज्या भाषेत सरकार नागरिकाला नाही म्हणते ती भाषा, अशी व्याख्या कोणत्याही अधिनियमात आढळत नसली, तरी व्यवहारात तीच सर्वांत टिकाऊ ठरली आहे. शास्त्रीय ग्रंथांत मात्र मातृभाषा, राजभाषा आणि राष्ट्रभाषा असे तीन भेद करण्याची प्रथा आहे, आणि प्रस्तुत निबंधाला पहिल्याच परिच्छेदात विद्वत्तेचा आव आणायचा असल्यामुळे ते येथे सांगणे भाग आहे. मातृभाषा ती, जिच्यात माणूस ठेच लागल्यावर बोलतो; राजभाषा ती, जिच्यात त्या ठेचेची नुकसानभरपाई मागावी लागते; आणि राष्ट्रभाषा ती, जी भारताच्या संविधानात कोठेच नाही, पण जिच्यावरून गेवराईच्या बसस्थानकावर सुरू झालेला वाद पाडळसिंगीचा टोलनाका ओलांडून बीड आले तरी मिटत नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३४३ने देवनागरी लिपीतील हिंदीला संघराज्याची, म्हणजे केंद्राच्या कारभाराची, राजभाषा ठरवले आणि इंग्रजीला पंधरा वर्षांची मुदत दिली. अनुच्छेद ३४५ने राज्यांना आपापली भाषा निवडण्याची मोकळीक ठेवली. इंग्रजीची मुदत २६ जानेवारी १९६५ रोजी भरली, परंतु १९६३च्या कायद्याने आणि त्याच्या १९६७च्या दुरुस्तीने तिला थांबण्याचा आग्रह केला, आणि लग्नाला म्हणून आलेली आत्याबाई नातवाच्या बारशालाही हजर असावी तशी ती अद्याप आहे.

संविधान सभेने १२ ते १४ सप्टेंबर १९४९ या तीन दिवसांत या प्रश्नाचा जो निकाल लावला, त्यातील एक बारकावा असा की भाषेवर एकमत होत आले तरी आकड्यांवर होईना. अक्षरे देवनागरी असावीत हे मान्य झाले, पण एक, दोन, तीन कोणत्या वळणाचे काढावेत यावर देशातील धुरीणांनी बराच घसा कोरडा केला. मुन्शी-अय्यंगार सूत्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तडजोडीत अखेर अक्षरे देवनागरी आणि अंक 'भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप' असे ठरले. म्हणजे जगाने ज्यांना अरबी म्हटले आणि अरबांनी ज्यांचे श्रेय हिंदुस्थानाला दिले, ते अंक भारताने परदेश फिरून आलेले म्हणून सन्मानाने परत घेतले. एकच राजभाषा ठरवायला बसलेल्या सभेलाही दोन ठिकाणचे सामान जमवावे लागले, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवलेले बरे.

बहुभाषिक देशाला एकापेक्षा अधिक राजभाषा लागतात काय, या प्रश्नावर दिल्ली, मुंबई आणि पुणे येथे पुष्कळ लिहिले गेले आहे. तथापि या प्रश्नाचा अभ्यास करण्याची योग्य जागा तलवाडा ही आहे. हे गाव बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या दक्षिणेस आहे. टेकडीवर त्वरितादेवीचे मंदिर आहे, आणि देवीच्या नावात तत्परता असली तरी महसूल खात्याने त्यातून काही बोध घेतल्याचा पुरावा उपलब्ध नाही. अभ्यासकाच्या दृष्टीने तलवाड्याचे महत्त्व असे, की हे गाव आपल्या जागेवरून तसूभरही न हलता एकामागून एक राजभाषांखालून गेले आहे. प्रवास करून भाषा बदलणारी माणसे जगात पुष्कळ आहेत; ओट्यावर बसल्या बसल्या ज्यांच्या सरकारची भाषा बदलली, त्यांचा अनुभव अधिक शुद्ध मानला पाहिजे, कारण त्यात प्रवासखर्च मिसळलेला नाही.

ज्या जिल्ह्यातील अंबाजोगाईस मराठीचे आद्यकवी मुकुंदराज यांची समाधी आहे, ज्यांचा 'विवेकसिंधु' परंपरेने शके १११०चा, म्हणजे इ.स. ११८८चा, मानला जातो, त्या जिल्ह्याला सरकारी दप्तरात मराठी पाहण्यासाठी विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. मधल्या काळात बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथे प्रथम फारसी ही दरबाराची व दप्तराची भाषा होती. १८८०च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणही उर्दूतून देण्याचा उपक्रम केला आणि त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडून हजारो नवे पारिभाषिक शब्द घडवले. संस्थानातील जवळजवळ निम्म्या प्रजेची भाषा तेलुगू, सुमारे पाव हिश्शाची मराठी आणि बऱ्याच जणांची कन्नड होती, एवढी किरकोळ अडचण सोडली तर व्यवस्था निर्दोष होती.

१९४८ या वर्षी उर्दूच्या नशिबात मोठी विसंगती आली. मार्च महिन्यात ढाक्याच्या मैदानावर महंमद अली जिना यांनी पाकिस्तानची राजभाषा उर्दू आणि उर्दूच राहील असे ठणकावून सांगितले. हे त्यांनी बंगाली श्रोत्यांना इंग्रजीत सांगितले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, ज्याला मराठवाड्यात अजूनही 'पोलीस ॲक्शन' म्हणतात त्या कारवाईच्या अखेरीस, हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले आणि उर्दूचे दप्तर उठण्यास आरंभ झाला. एका ठिकाणी जिथे तिला कोणी मागत नव्हते तिथे ती बसवली जात होती आणि दुसऱ्या ठिकाणी जिथे ती बसली होती तिथून तिला उठवले जात होते. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी तलवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, आणि ज्या गावात गुजराती बोलणारा शोधूनही सापडला नसता ते गाव साडेतीन वर्षे मराठी व गुजराती अशा दोन भाषांच्या राज्याचा भाग झाले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. आणि १९६४च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने मराठीला कायदेशीर आसन मिळाले. तलवाड्याचा नागरिक या सर्व काळात तेच पीक, त्याच रानात, त्याच बैलांच्या साहाय्याने घेत होता. बदलत होती ती केवळ त्याची नोंद.

आणि नोंद म्हटली की नक्कल आली. सरकारी भाषेत नक्कल म्हणजे मूळ कागदाची शिक्का मारलेली प्रत. जो ती मागतो त्यास या निबंधात 'अर्जदार' असे संबोधले जाईल. अर्जदार हा विशिष्ट इसम नसून एक अवस्था आहे. माणूस शेतकरी, विद्यार्थी, विधवा किंवा माजी सरपंच म्हणून कार्यालयाच्या पायरीपर्यंत येतो आणि पायरी चढताच अर्जदार होतो. त्याला आजोबाच्या नावाची जुनी नोंद हवी असते, आणि ती कोठे ना कोठे निश्चित असते: खासरा पत्रकात, कुळांच्या नोंदीत, किंवा मोजणीनंतर तयार झालेल्या जमिनीच्या नोंदवहीत, जिला मराठवाड्यात 'सेतवार' म्हणतात. दोन-चार हेलपाटे झाले, की गठ्ठा सापडतो, धूळ झटकली जाते आणि ज्ञानाचा उदय होतो.

"हे तर उर्दूत आहे."

"साहेब, आमच्या आज्याला उर्दू येत नव्हती."

"त्याला नसंल येत. कागदाला येत होती."

उर्दू येणारे गृहस्थ गावोगाव असतात, त्यामुळे येथे प्रश्न सुटला असे अननुभवी वाचकास वाटेल. परंतु दप्तरातील उर्दू शिकस्ता वळणाची असते. शिकस्ता म्हणजे 'मोडकी' अशी लेखनपद्धती, जिच्यात कारकून हात न उचलता लिहीत जातो आणि नुक्ते, म्हणजे अक्षराखालचे-वरचे ठिपके, वाचणाऱ्याच्या श्रद्धेवर सोडतो. तो कागद घेऊन अर्जदार एखाद्या निवृत्त उर्दू शिक्षकाकडे जातो. ते चष्मा पुसतात, कागद उजेडात धरतात, मग तिरका धरतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अंतराळवीराचे गांभीर्य येते.

"इथं 'बाला' लिहिलंय, बेटा."

"बाळा असंल, चाचा. आमचा आजा बाळा."

"उर्दूत ळ नाही."

"मग आमचा आजा कुठं गेला?"

हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा असला तरी त्याची उकल महसुली आहे. उर्दूला ळ नाही, म्हणून बाळाचा 'बाला' झाला. इंग्रजी स्पेलिंगमध्येही ळ नाही, म्हणून आधार कार्डावर तो तसाच राहिला. संगणकाने ते स्पेलिंग पुन्हा देवनागरीत आणले तेव्हा 'बला' झाला. आणि मोडी लिपीतील कागद असेल तर तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळण्याची चाल नसल्यामुळे नातलगांच्या नावांत वेगळीच भर पडली. परिणामी अर्जदाराला असे प्रतिज्ञापत्र करावे लागते, की बाळा ऊर्फ बाला ऊर्फ बला हे तिन्ही इसम एकच असून ते सर्व एकाच दिवशी वारले. जन्मसालाचे प्रकरण याहून गोड आहे. संस्थानचे महसुली कागद फसली सनात असत. फसली म्हणजे पिकांच्या हंगामाशी जोडलेली महसुली कालगणना, जिच्यात आजूर, बहमन, खुरदाद अशा इराणी नावांचे महिने असून इसवी सन काढण्यासाठी ५९० मिळवावे लागतात. ही बेरीज करण्याचे राहून गेले, की १३३७ फसलीत जन्मलेला आजोबा थेट इ.स. १३३७चा होतो, म्हणजे बहमनी राज्य स्थापन होण्यापूर्वी दहा वर्षे तो तलवाड्यात कुळ म्हणून नांदत असल्याचे सिद्ध होते. नातवाची त्यास हरकत नसते. जुनी नोंद जितकी जुनी तितकी बरी, एवढेच त्याला ठाऊक असते.

सप्टेंबर २०२३मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून, मराठा समाजाला कुणबी दाखले देता यावेत म्हणून, मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध आरंभला, तेव्हा उर्दू, फारसी आणि मोडी या तिन्ही गोष्टींना अचानक असा भाव आला, जो त्या राजमान्य असतानाही बहुधा आला नसेल. ज्या उर्दू जाणणाऱ्या वृद्धांना घरातील नातवंडे रेडिओचा आवाज कमी करायला सांगत असत, त्यांच्या ओसरीवर चपलांची रांग लागली आणि त्यांचा चहा बिनसाखरेचा असतो हे सर्व भावकीला पाठ झाले. भाषा राजभाषा असताना नागरिकाच्या जितकी कामाला येते, त्यापेक्षा ती राजभाषा नसताना अधिक कामाला येते, असा एक उपसिद्धांत यावरून मांडण्याचा मोह होतो. परंतु निबंध लांबेल.

आता असा आक्षेप संभवतो, की हे सर्व भूतकाळाचे रडगाणे असून मराठी राजभाषा झाल्यानंतर तलवाड्याच्या अर्जदाराला दुसऱ्याकडून कागद वाचून घेण्याचे कारण उरले नसावे. या आक्षेपाचे उत्तर देण्यासाठी एखादी शासकीय अधिसूचना मोठ्याने वाचून दाखवणे पुरेसे आहे. महाराष्ट्राचे भाषा संचालनालय राज्याच्या जन्मानंतर दोन महिन्यांतच, जुलै १९६०मध्ये, स्थापन झाले. त्याने पदनाम कोश काढला, शासन व्यवहार कोश काढला, आणि हे काम मनापासून व कष्टाने केले, यात शंका नाही. परंतु उस्मानियाच्या भाषांतर खात्याने उर्दूला जसे तिच्या बोलणाऱ्यांपासून सावधपणे वर उचलून ठेवले होते, तसेच काहीसे येथेही घडले. 'उपरोक्त विषयान्वये संदर्भाधीन पत्राच्या अनुषंगाने आपणांस कळविण्यात येते की' इथपर्यंत वाचून अर्जदार आशेने मान हलवतो, कारण आतापर्यंत काही वाईट घडलेले नाही. पुढे 'सदर प्रकरणी नियमोचित कार्यवाही अनुज्ञेय नसल्याने' असे येते, आणि तो शेजारच्याला विचारतो.

"काय म्हणत्यात?"

"मराठी हाय."

"ते दिसतंय. काय म्हणत्यात?"

राज्याच्या खिडकीवरून केंद्राच्या खिडकीकडे वळल्यास चित्र अधिक रंगीत होते. केंद्र सरकारच्या १९७६च्या राजभाषा नियमांनी देशाचे 'क', 'ख' आणि 'ग' असे तीन विभाग केले: 'क' म्हणजे हिंदीभाषक प्रदेश, 'ग' म्हणजे हिंदीपासून लांबचे प्रदेश, आणि 'ख' म्हणजे महाराष्ट्र, गुजरात, पंजाब यांसारखे, ज्यांना हिंदी येते असे दिल्लीला वाटते आणि हिंदी येते असे त्यांनाही वाटते. तमिळनाडूला हे नियम लागूच नाहीत. तेथील लोकांनी १९६५ साली आपले मत पुरेशा स्पष्टपणे कळवले होते. 'ख' विभागातील राष्ट्रीयीकृत बँकेत सप्टेंबर महिना आला की हिंदी पंधरवडा साजरा होतो, भिंतीवरच्या फळ्यावर रोज एक शुद्ध हिंदी शब्द लिहिला जातो, निबंधस्पर्धा होते, आणि पहिले बक्षीस बहुधा ज्याची मातृभाषा हिंदी आहे त्यालाच मिळते. पैसे काढण्याचा फॉर्म तीन भाषांत असतो. तीन भाषांना एका कागदावर जागा द्यायची तर प्रत्येकीच्या वाट्याला इतके बारीक अक्षर येते, की समतेचे तत्त्व पूर्णपणे पाळले जाते आणि कोणालाही काही वाचता येत नाही.

"पैसे भरने हैं कि निकालने हैं?" असे दूरच्या राज्यातून बदलून आलेला रोखपाल विचारतो.

"निकालनेके हैं, साहेब. पन ये फारम भरनेकू नई आता," असे अर्जदार उत्तरतो, कारण मराठवाड्याची म्हणून एक हिंदी आहे, जी दख्खनीच्या मुशीतून निघाली असून हिंदी पंधरवड्यात तिला प्रवेश नाही. विशेष हे, की दोघांचे एकमेकांवाचून काही अडत नाही. रोखपाल सहा महिन्यांत 'बसा', 'थांबा' आणि 'उद्या या' इतके मराठी शिकतो, आणि शासकीय मराठीचा गाभा त्याला अवगत होतो.

भाषाधोरणाचा विचार करणाऱ्या मंडळींनी खरे तर ऊसतोड मजुरांची टोळी अभ्यासायला हवी. गेवराई तालुक्यातून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास मोठ्या संख्येने जोडपी ऊसतोडीला निघतात. या जोडप्याला 'कोयता' असे म्हणतात, त्याला हंगामापूर्वी मिळणाऱ्या आगाऊ रकमेला 'उचल' म्हणतात, आणि ती देऊन टोळी बांधणाऱ्यास 'मुकादम' म्हणतात. काही टोळ्या कोल्हापूर-सांगलीकडे जातात, काही बेळगाव-बागलकोटच्या कारखान्यांवर. तेथे सीमाप्रश्नाचा निकाल लागण्याची वाट न पाहता बाई आठवडाभरात 'नीरू', 'ऊटा', 'एष्टु' आणि 'बेगा' हे चार शब्द उचलते, म्हणजे पाणी, जेवण, केवढ्याला आणि लवकर. पुढे भर पडली तर ती भांडणापुरती पडते. शेजारच्या फडात तेलुगू बोलणारे आले, तर त्यांचेही तीन-चार शब्द येतात. या बाईला कोणी त्रिभाषा सूत्र शिकवलेले नसते. १९६८च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आलेले ते सूत्र असे, की प्रत्येक मुलाने तीन भाषा शिकाव्यात, दक्षिणेत हिंदी शिकावी आणि हिंदीभाषक राज्यांत दक्षिणेची एखादी भाषा शिकावी. यांपैकी पहिला भाग दक्षिणेने वाचला आणि रागावली. दुसरा भाग उत्तरेने वाचला नाही, म्हणून ती रागावली नाही. मजूर बाईचा मात्र एकही दिवस बोलण्यावाचून अडत नाही; अडते ते उचलीच्या कागदापाशी, जो तिच्याच मातृभाषेत असून ज्यावर ती अंगठा उमटवते.

येथवरच्या विवेचनातून वाचकाचा असा समज होईल, की दोष सर्वस्वी दिल्लीचा, निजामाचा किंवा शिकस्ता लिहिणाऱ्या कारकुनाचा आहे. तसे असते तर प्रश्न सोपा होता. भाषेच्या अन्यायाचा चमत्कार असा, की तो फक्त वर पाहिल्यावर दिसतो. २०२५च्या एप्रिल महिन्यात लागोपाठच्या दोन दिवसांनी याचे प्रात्यक्षिक दिले. १५ तारखेस सर्वोच्च न्यायालयाने अकोला जिल्ह्यातील पातूर नगर परिषदेच्या फलकावर मराठीसोबत उर्दू असण्यास कायद्याची आडकाठी नाही असा निर्णय दिला, आणि १६ तारखेस राज्य सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करणारा शासन निर्णय काढला. चावडीवर या दोन्ही बातम्या एकाच वर्तमानपत्रात वाचल्या गेल्या असाव्यात. एकाच गृहस्थाचे त्यांवरील मत असे पडते, की फलकावर दुसरी भाषा नको, कारण हे मराठी राज्य आहे. आणि वर्गात तिसरी भाषा नको, कारण हा बहुभाषिक देश आहे. दोन्ही वाक्ये तो एकाच घोटभर चहात बोलतो व दोन्ही वेळा टाळी मिळवतो. हिंदीविषयीचा निर्णय पुढे २९ जूनला मागे घेण्यात आला, आणि ज्यांनी तो हाणून पाडला त्यांच्या तक्रारीत तथ्य होते: पहिलीच्या मुलावर त्याच्या घरी न बोलली जाणारी भाषा लादू नये, हे म्हणणे रास्तच आहे.

हेच रास्त म्हणणे आता तांड्यावर नेऊन पाहावे. तांडा म्हणजे बंजारा समाजाची वस्ती; बीड जिल्ह्यात असे तांडे पुष्कळ आहेत आणि तेथील घरांत गोरमाटी बोलली जाते, जी संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत नाही. त्या अनुसूचीचा आरंभ १४ भाषांनी झाला, सिंधी, कोकणी, मणिपुरी, नेपाळी आणि मग बोडो, डोगरी, मैथिली, संथाली अशा टप्प्याटप्प्याने आत आल्या, आणि दाराबाहेर अजून बरीच दाटी आहे. तांड्यावरचे सहा वर्षांचे मूल शाळेत येते, गुरुजी त्याला मराठीत नाव विचारतात, ते गप्प राहते, आणि वहीत 'मूल अबोल आहे' अशी नोंद होते. मधल्या सुट्टीत तेच मूल इतके बोलते, की गुरुजींना बाहेर येऊन ओरडावे लागते.

"ए, मराठीत बोला रे!"

हेच गुरुजी जूनमध्ये हिंदीसक्तीच्या निषेधाचा फलक धरून तहसीलसमोर उभे होते, आणि फलकावरचा मजकूर मुद्देसूद होता. गोव्यातही १९८७च्या कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषा केले आणि मराठीच्या वापरालाही जागा ठेवली, तेव्हा रोमन लिपीतील कोकणीवाले म्हणाले, आणि आम्ही? भाषेच्या प्रत्येक घराला वरचा मजला अन्यायाचा वाटतो आणि खालचा मजला गोंगाटाचा.

अधिक राजभाषा मान्य केल्यास देशाचे तुकडे पडतील, असे मानणारा एक पंथ आहे, आणि त्याच्या दुर्दैवाने इतिहास उलट साक्ष देतो. श्रीलंकेने १९५६ साली केवळ सिंहलीला राजभाषा केले आणि तमिळला तो दर्जा मिळायला १९८७ साल उजाडले. दरम्यान काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे. ढाक्यात २१ फेब्रुवारी १९५२ रोजी बंगालीसाठी विद्यार्थ्यांनी प्राण दिले, १९५६ साली पाकिस्तानने बंगालीला राजभाषा मानलेही, पण तोवर फार उशीर झाला होता. उलट पंथाचेही सर्व काही सुरळीत नाही. दक्षिण आफ्रिकेने १९९६च्या संविधानात ११ भाषा मान्य केल्या, २०२३मध्ये खुणांची भाषा ही बारावी झाली, आणि वरिष्ठ बैठका बहुधा इंग्रजीतच होतात असे तेथील टीकाकार म्हणतात. बोलिव्हियाने स्पॅनिशसह ३६ मूळ भाषांना दर्जा दिला, ज्यांत एखाददुसरी अशीही आहे की तिला मान मिळेपर्यंत बोलणारा कोणी उरला नव्हता. अशा भाषेत अर्ज येत नसल्यामुळे ती प्रशासनास सर्वांत सोयीची. स्वित्झर्लंडने चार भाषांपैकी कोणाचे मन मोडू नये म्हणून नाण्यांवर देशाचे नाव लॅटिनमध्ये घातले. भारतीय नोटेवर याउलट हिंदी-इंग्रजीखेरीज आणखी पंधरा भाषांची उतरंड छापलेली असते, आणि सतरा भाषांत सांगूनही पाचशेची नोट बाजारात कोणी भाषा वाचून घेत नाही, रंग पाहून घेतो.

खर्चाचा मुद्दा मात्र गंभीरपणे मांडला जातो, म्हणून त्याचा हिशेब करणे प्राप्त आहे. प्रत्येक खिडकीवर लोकांची भाषा जाणणारा माणूस बसवायचा, प्रत्येक फॉर्म चार भाषांत छापायचा, दुभाषी नेमायचे, तर खजिना पुरणार नाही, असे म्हणतात. परंतु हा खर्च टळलेला नसून त्याने केवळ मालक बदललेला आहे. तलवाड्याच्या अर्जदाराने उर्दू कागद वाचून घेतला, त्याचे मराठी करून घेतले, प्रतिज्ञापत्र केले, झेरॉक्स काढल्या, एक बस चुकली म्हणून दुसरीने गेला, आणि त्या दिवसाची मजुरी बुडवली. प्रकरण वाढले तर पुढचा टप्पा आहे. जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी व्हावी असे २१ जुलै १९९८च्या अधिसूचनेने ठरवले, पण उच्च न्यायालयाची भाषा अनुच्छेद ३४८नुसार इंग्रजी असल्यामुळे छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात त्याच कागदाचे आता इंग्रजी करावे लागते. त्यात बाळा चौथ्यांदा जन्म घेतो. निकाल लागतो तेव्हा अर्जदार तो हातात धरून वकिलाकडे पाहतो, आणि जिंकला की हरला हे वकिलाच्या चेहऱ्यावरून वाचतो. ती लिपी त्याला उत्तम येते. अनुच्छेद ३५०ने प्रत्येकाला संघराज्याच्या किंवा राज्याच्या कारभारात चालणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिला आहे, मात्र उत्तर कोणत्या भाषेत यावे याविषयी तो अनुच्छेद मौन पाळतो. एवढी एक ओळ कोणी त्यात घातली, तर फलकांवर किती भाषा असाव्यात यावरील निम्मे वाद आपोआप निवतील असे म्हणण्यास जागा आहे.

या प्रश्नावर संपूर्ण तटस्थ मत असलेला एकच गृहस्थ तालुक्याच्या ठिकाणी भेटतो, आणि तो म्हणजे तहसीलसमोरच्या झाडाखाली टेबल टाकून बसलेला अर्जनवीस. अर्जनवीस म्हणजे दुसऱ्याचे गाऱ्हाणे सरकारला पटेल अशा भाषेत लिहून देणारा व्यावसायिक. फारसी गेली, उर्दू गेली, निजामाचे हाली शिक्का चलन गेले, टाइपरायटर गेला, पण त्याची खुर्ची आहे तिथेच आहे. देशाला एक राजभाषा असावी की अनेक, असे त्याला विचारले असता त्याने कार्बन पेपर सरळ केला.

"कितीबी करा. पाच करा, पंचवीस करा. फकस्त लोकांना समजंल आसं लिहू नका."

एवढे बोलून त्याने मत लिहून हवे आहे की तोंडी चालेल असे विचारले. तोंडीचे वीस रुपये होतात.